काळा कागद

१

आमच्या घरात एक नियम होता, आणि त्याला 'का' विचारायचं नाही हा त्याच्यावरचा दुसरा नियम. फोटोतून माणूस काढला की त्याची जागा दिवस मावळायच्या आत बुजवायची. मागून काळा कागद लावायचा, फोटो खणात उपडा ठेवायचा, खण लोटायचा आणि मगच हात धुऊन जेवायला यायचं.

माणूस काढणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर भलताच समज व्हायचा. बाबा आणि काका मिळून फोटो स्टुडिओ चालवतात. तो आमच्या आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, सुरू केला. लग्नाचे, ओळखपत्राचे फोटो कुणीही काढतं. आमचं नाव झालं ते जोडफोटोमुळे. घरातलं एखादं माणूस वारलेलं असतं, एखादं दूरदेशी असतं, आणि लोकांना सगळे एकाच चौकटीत हवे असतात. ते त्या माणसाचा जुना फोटो आणून देतात. बाबा ब्लेडने त्यातून माणूस अलगद कापून काढतात, त्याच्या कडा मागून पॉलिशपेपरने घासून कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ करतात, घरच्यांच्या शेजारी त्याला खळीने चिकटवतात, सांध्यावरून ब्रश फिरवतात आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घेतात. दहा वर्षांपूर्वी गेलेली आई मुलाच्या शेजारी हसत उभी.

"सांधा दिसला की आपण मेलो," असं बाबा म्हणतात.

मागे उरतो तो भोक पडलेला जुना फोटो. माणसाच्या आकाराचं भोक. हा फोटो सहसा कुणी परत मागत नाही. काळा कागद त्याच्यासाठी.

आता बरंचसं काम संगणकावर होतं. तरी पडद्यावर माणूस पुसला की काका आधी त्या जागेत काळा रंग भरतात आणि मगच चहाला उठतात. मी एकदा हसले. म्हटलं, "काका, संगणकात धूळ शिरत नाही."

"वकीलबाई," काका म्हणाले, "विचारायचं नाही. लावायचं."

सात वर्षांची असताना मी हेच आईला विचारलं होतं, तेव्हा तिने पाठीत धपाटा घातला होता. आईने मला मारलं ते तेवढं एकदाच.

२

मी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. विषय कोलाज. मॅडमनी माझी वर्षभराची कामं जमिनीवर मांडायला लावली, चपला काढून हातात घेतल्या आणि त्या कामांच्या मधून चालत गेल्या.

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "हे कुणाचं?"

"माझंच आहे, मॅडम."

"कापलंस तू. पण आहे कुणाचं? हे बघून कुणीतरी आठवतं, ते बघून दुसरंच कुणीतरी. सगळं उसनं. आणि सांधे इतके लपवतेस की वाटतं, चोरी केलीय."

वर्गात दोघंतिघं हसली. मला इतका राग आला की कानशिलं तापली, आणि राग आला कारण बाई खरं बोलत होत्या. सांधे लपवणं माझ्या हातात बाबांकडून आलं होतं. माझी करंगळीही त्यांच्यासारखीच आहे, आतल्या बाजूला वाकलेली. बाबांची तशी, काकांची तशी. "आपल्या घराण्याची खूण," काका म्हणतात. "चोरी केली तर ठशांची गरज नाही."

वर्षअखेरच्या प्रदर्शनात स्वतःचं म्हणावं असं काही लावलं नाही तर मला पास करणार नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं. आणि पास झाले नाही तर गुपचूप स्टुडिओच्या काउंटरवर येऊन बसायचं, हे बाबांशी आधीच ठरलं होतं. म्हणजे जन्मभर मेलेल्यांना जिवंतांच्या शेजारी उभं करायचं. 

त्याच आठवड्यात काकांनी मला मागच्या खोलीतून कार्डबोर्ड आणायला पाठवलं. ती पूर्वीची फोटो धुवायची खोली. तिथे ओटा आहे, एक गळका नळ आहे आणि भिंतभर खण आहेत. मी चुकून खालचा खण ओढला. तो उपड्या फोटोंनी गच्च भरलेला होता. एक उलटा केला. बाग, कारंजं, दोन मुलं, आणि त्यांच्यामध्ये काळ्या कागदाची एक बाई. दुसरा उलटा केला. दुकान, फळ्या, बरण्या, आणि काउंटरमागे काळा माणूस.

मी तिथेच फरशीवर बसले. हे सगळे सांधेच होते. न लपवलेले, उघडे. बाबा आयुष्यभर जे झाकत आले, ते सगळं या खणात साठलं होतं.

दुपारी बाबा-काका जेवायला घरी गेले की स्टुडिओ दोन तास माझ्या ताब्यात असायचा. मी किटलीत पाणी उकळलं. वाफेवर धरला की खळ सैल होते आणि काळा कागद दुधावरच्या सायीसारखा निघून येतो. पहिला निघाला तेव्हा मला गंमत वाटली. पाचवा निघाला तेव्हा मी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. तरी बघितलं.

३

पहिलं कोलाज असं होतं. वर एका जुन्या घराच्या पायरीचा मोठा करड्या रंगातला फोटो. पायरीवर बसलेली बाई काढून घेतलेली, तिचं भोक उघडं. त्याच्याखाली मीच घेतलेला एका कोऱ्या भिंतीचा फोटो. म्हणजे बाईच्या आकाराची भिंत पायरीवर बसलेली. कडा मी पॉलिशपेपरने घासल्या नाहीत, ब्लेडच्या खुणा तशाच ठेवल्या.

मॅडम त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. या खेपेला चपला पायातच होत्या.

"हे तुझं," त्या म्हणाल्या.

दोन शब्द. मला वाटलं, आता वर्गाची खिडकी उघडून ओरडावं.

"आणि हा कापडाचा तुकडा कुठून आणलास? हा, खांद्याशी. ठिपक्यांचा. त्याच्यामुळे सगळं जिवंत झालंय."

मी वाकून पाहिलं. भोकाच्या वरच्या कडेला, जिथे नुसती भिंत असायला हवी होती, तिथे अंगठ्याच्या नखाएवढा करड्या कापडाचा तुकडा होता. त्यावर पांढरे ठिपके. कापड कशावर तरी ताणलेलं असावं तसं गोलसर. खांद्यावर ताणलं जातं तसं.

मी असा कुठलाही तुकडा लावला नव्हता.

"जुन्या फोटोतला आहे, मॅडम," मी म्हणाले.

तो माझा पहिला खोटेपणा. पहिला म्हणते, कारण पुढचे मोजले नाहीत.

बसमध्ये मी स्वतःला समजावलं. खळ ओली असताना खालच्या कागदाची शाई वर उमटते. पॉलिशपेपरच्या कणांचे ठिपके पडतात. शिवाय तीन रात्री झोप झालेली नव्हती. कारणं पुष्कळ होती, आणि मी ती सगळी एकदम वापरली. अडचण एकच होती. कोरी भिंत मी स्वतः काढली होती, आणि तिच्यावर शाई अशी नव्हतीच.

४

पुढची चार कोलाजं मी तीन आठवड्यांत केली. प्रत्येकात वेगळं घर, वेगळी माणसं, वेगळं भोक. दुकानदाराच्या भोकात दुसऱ्या दिवशी बाही आली. बागेतल्या बाईच्या भोकात कोपर आलं. कापड तेच, ठिपके तेच.

मी मुद्दाम एकदा भोकाखाली कोरा पांढरा कागद लावला, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या, चिकटपट्टीवर पेन्सिलने सही केली आणि फोटो मागच्या खोलीतल्या ओट्यावर सपाट ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी चिकटपट्टी तशीच होती. सही तशीच होती. पांढऱ्या कागदावर पाठीचा एक भाग होता आणि त्यावरून खाली आलेली वेणी.

मी उभी असताना कागद वाजला. खळ वाळताना कागद ताणतो आणि टक् असा आवाज येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. हा तसाच आवाज होता. मग पुन्हा आला. मग जरा सरकल्यासारखा, म्हणजे अवघडून बसलेलं माणूस कूस बदलतं तसा. मी नळ घट्ट बंद केला. नळाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

इथे मी थांबायला हवं होतं. भीती वाटली नाही असं नाही. पण मॅडम दर आठवड्याला विचारत होत्या, "आज ठिपके कुठे आहेत?" आणि वर्गातली जी पोरं हसली होती ती आता माझ्या कामाभोवती उभी राहत होती. माझी शैली सापडली असं सगळे म्हणत होते. त्या शैलीतलं जे बघायला ते उभे राहत, ते मी केलेलं नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं. मला उसनं नको होतं, आणि मी उसन्याहून वाईट काहीतरी घेऊन बसले होते. कुणाचं, तेही ठाऊक नव्हतं.

आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा किटली ठेवली.

५

घड्याळवाले आजोबा एका मंगळवारी दुपारी आले. नाक्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि मंगळवारी ते बंद असतं. काउंटरवर मी एकटीच होते.

"पोरी, वीस वर्षांपूर्वी तुझ्या बाबांनी आम्हाला जोडफोटो करून दिला होता," ते म्हणाले. "आमची ही गेल्यावर. मी, मुलगा आणि ही. एक प्रत माझ्याकडे, एक मुलाकडे. तो तिकडे लांब असतो."

"नवी प्रत हवीय का?"

"नाही. ज्या फोटोतून तिला काढली, तो जुना हवाय."

"आजोबा, त्याला भोक असतं."

"असू दे की. पायरीवर बसली होती. आमच्या जुन्या घराची पायरी. ते घर पाडलं. ती गेली. पायरी तरी बघतो."

मी खाली बघितलं. काउंटरच्या काचेवर त्यांचे हात होते, सुरकुतलेले आणि अगदी स्थिर. घड्याळवाल्याचे हात. पायरी कॉलेजात लटकत होती, आणि प्रदर्शनाच्या पत्रिकेवर तिचाच फोटो छापायला गेला होता.

"शोधावं लागेल," मी म्हणाले. "सापडत नाहीयेत सध्या जुने."

"सावकाश शोध. मला कुठे गाडी पकडायचीय?" ते जायला निघाले आणि दाराशी थांबले. "आणखी एक विचारायचं होतं. जोडलेला फोटो कालांतराने हलतो का गं?"

"हलतो म्हणजे?"

"घरच्या फोटोत ही आमच्याकडे बघत असायची. आता जराशी वळल्यासारखी वाटते. चौकटीच्या बाहेर बघते. महिनाभर झाला असेल." ते हसले. "चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसऱ्यांची घड्याळं बघता बघता स्वतःचे डोळे मागे पडतात."

मी हसले. हसले याची मला आजही लाज वाटते. महिन्याभरापूर्वीच मी पायरीवरचा काळा कागद काढला होता.

पुढच्या मंगळवारी ते आले. "सापडला?" "नाही, आजोबा." त्याच्या पुढच्याही मंगळवारी आले. आता ती पाठमोरी झाली आहे, एवढंच म्हणाले. चष्म्याचं नाव काढलं नाही. जाताना टपरीवरच्या चहाचा एक कप माझ्यासाठी सांगून गेले. तो चहा मी तसाच ठेवून दिला.

६

प्रदर्शनाला चार दिवस राहिले असताना मी कॉलेजातून 'पायरी' उतरवली. मॅडम म्हणाल्या, "डोकं फिरलंय का तुझं? तेच तर मुख्य काम आहे." मी म्हटलं, दुरुस्ती करायचीय. वर्तमानपत्रात गुंडाळून बसमध्ये मांडीवर उभं धरलं. रस्ताभर कागद आतून वाजत होता. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं आणि दोनदा सरकून बसली.

स्टुडिओत, दुपारी, मागच्या खोलीत मी ते उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं, छोट्या खिडकीतून ओट्यावर पडलं होतं. जे पाहिलं ते अंधारात पाहिलेलं नाही, म्हणून हे सांगते.

पायरीवर, भोकाच्या आत, एक मुलगी पाठमोरी बसली होती. ठिपक्यांचा झगा, वेणी, पुढे झुकलेली मान. आजोबांच्या बायकोपेक्षा ती पुष्कळ लहान होती. भोक तिला मोठं होत होतं आणि दोन्ही बाजूंनी भिंत दिसत होती. दुसऱ्याच्या कपड्यात बसल्यासारखी ती त्या जागेत बसली होती. एक हात मागे पायरीवर टेकलेला होता.

हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकलेली होती.

मी किटली ठेवली. वाफेने मनगट भाजलं. पायरी भिंतीपासून सुटी करून उचलली, तेव्हा खाली फक्त भिंत होती. कोरी. मी काढलेली.

मंगळवारी पायरी आजोबांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. फोटो माझ्याकडेच होता, मी खोटं बोलले, कागद मी काढला, स्वतःच्या कामासाठी वापरला. त्यांनी ऐकून घेतलं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "तू माझ्या हातांकडे बघून बोलायचीस."

"मी मागून काळा कागद लावून देते, आजोबा. आत्ता लावते."

"नको. राहू दे."

त्यांनी फोटो दोन्ही हातांनी छातीसमोर धरला. भोकातून मला त्यांचा निळा शर्ट दिसायला हवा होता. मी बघितलं नाही. मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.

"हं," ते अगदी हळू म्हणाले. "बस आता निवांत."

मी उभीच होते. पण ते माझ्याशी बोलत नव्हते.

७

माझ्याकडे प्रदर्शनासाठी मुख्य काम उरलं नव्हतं आणि डोक्यात ती करंगळी होती.

स्टुडिओत काउंटरच्या वर आमच्या घरचा फोटो आहे. जन्मल्यापासून बघत आलेय. आप्पा आणि आजी खुर्च्यांवर. मागे काका, मिसरूड फुटलेले. उजवीकडे लाकडी बाकावर बारा वर्षांचे बाबा. तोच बाक अजून स्टुडिओत आहे, गिऱ्हाइकं त्यावर बसतात. बाबांच्या शेजारी, बाकाच्या पुढ्यात, रुंद पानांच्या झाडाची मोठी कुंडी.

मी स्टूल घेऊन वर चढले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो फोटो नीट पाहिला. बाबांनीच मला शिकवलं होतं: "आधी उजेड बघ, मग माणसं." उजेड डावीकडून येत होता. आप्पांच्या नाकाची सावली उजवीकडे, काकांची उजवीकडे, बाबांची उजवीकडे. झाडाच्या पानांच्या सावल्या डावीकडे होत्या.

आणि एवढा लांब बाक असताना बाबा अगदी टोकाला चिकटून बसले होते. शेजारी कुणी ऐसपैस बसलेलं असावं तसे.

फोटोला काच नव्हती; मी झाडाच्या कडेवरून नख फिरवलं. सांधा लागला. पुन्हा फोटो न घेताच चिकटवलं होतं, घाईत. बाबांचं काम असं नसतं. हे कुणातरी शिकाऊ हाताचं होतं.

चौकट उतरवली. किटली ठेवली. कुंडी पानापानाने सुटत गेली आणि तिच्याखाली काळा कागद निघाला, जुना, तपकिरी पडलेला. तोही काढला. मागे बाकावर बसलेल्या मुलीचं भोक. हे मात्र तिला मोठं होणारं नव्हतं.

मी त्याच्यामागे काहीही लावलं नाही. दोन काचांमध्ये उभं केलं, आरपार. एका बाजूला कापलेली कुंडी ठेवली, दुसऱ्या बाजूला काळ्या कागदाचा तो तुकडा. सांधे सगळे उघडे. माझ्या हातून झालेलं पहिलं काम, जे बघून मला दुसरं कुणी आठवलं नाही.

ते मी बाकावर ठेवलं आणि सगळे जेवून यायची वाट बघत बसले.

८

बाबा, काका आणि आई एकत्रच आले. आई दुपारी कधी येत नाही. बाबांच्या हातात फोन होता.

"घड्याळवाल्यांच्या मुलाचा फोन होता," बाबा दारातूनच म्हणाले. "त्याच्याकडच्या जोडफोटोत आईच्या जागी नुसती भिंत आहे म्हणतो. रडत होता तो. काय सांगू मी त्याला? कुठला खण उघडलास तू?"

मुलाच्या फोटोचं मला ठाऊक नव्हतं. आजोबांना बायको दिली, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. मुलाची आई नेली, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"खालचा. पाच फोटो," मी म्हणाले. "माझी चूक आहे. पण आधी हे सांगा, ही कोण?"

तेव्हा त्यांना बाकावरची चौकट दिसली. आई भिंतीला टेकली. काका सरळ ड्रॉवरकडे गेले, काळा कागद आणि खळीची वाटी घेऊन आले. त्यांचा हात इतका सवयीचा होता की मला आणखी राग आला.

"लाव," ते म्हणाले. "आधी लाव, मग बोलू."

"आधी बोला."

"कार्टे, ऐक माझं."

"बावीस वर्षं ऐकलंच की, काका. कोण आहे ही?"

"तुझी आत्या," आई म्हणाली. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की एरवी ती गप्प झाली असती. "मीही फक्त ऐकलंय. उलट बोलायची म्हणे. तुझ्यासारखी."

"आप्पांना म्हणाली, मी हे काम करणार नाही," काका म्हणाले. "मेलेल्यांना त्यांच्या जागेवरून उठवायचं नाही म्हणाली. सतरा वर्षांची पोर, बापाला शिकवत होती. आप्पा म्हणाले, मग या घरात तुझीही जागा नाही. आणि फोटोतून काढायला लावली. संपलं. मग ती गेली."

"कुठे गेली?"

"गेली म्हणजे गेली."

"घर सोडून गेली आणि मग काढली ना?"

काका वाटीत ब्रश ढवळत राहिले. उत्तर बाबांनी दिलं.

"आधी काढली," ते म्हणाले. "मग गेली."

ते बाकाच्या टोकाला बसले. फोटोत बसलेत तिथेच.

"ब्लेड माझ्या हातात दिलं होतं आप्पांनी," ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "ती मागच्या खोलीत प्रिंट धूत होती. मी इथे कापत होतो. नळाचा आवाज येत होता. काढून झाली, आप्पांनी तुकडा शेगडीत टाकला. नळाचा आवाज येतच राहिला. बऱ्याच वेळाने तुझा काका बघायला गेला. नळ चालू होता. मागच्या खोलीला दुसरं दार नाही."

कुणीतरी श्वास सोडला. आई असावी.

"रात्रभर फोटो वाजत होता," बाबा म्हणाले. "भिंतीवर. मला कळत होतं काय ते. सकाळी मी काळा कागद लावला, वर कुंडी लावली. मग वाजायचा थांबला."

"आणि तेव्हापासून नियम," मी म्हणाले.

टक्.

आवाज बाकावरून आला. काकांच्या हातातली वाटी कलंडली आणि खळ फरशीवर सांडली. चौकट दारातल्या उन्हात उभी होती. तिच्या भोकातून पलीकडचं काउंटर दिसायला हवं होतं. काउंटर दिसत नव्हतं. करडं कापड होतं, ठिपके होते, आणि या खेपेला ती पाठमोरी नव्हती. कूस बदलावी तशी ती आमच्याकडे वळत होती. चेहरा मी पाहिला नाही. मला भोकाची खालची कड दिसली, आणि कडेवर बाहेरच्या बाजूने टेकलेली चार बोटं. शेवटचं बोट वाकडं होतं.

"लाव," काका म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पाया पडतो तुझ्या. लाव आधी."

त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला. काळा, गुळगुळीत, बरोबर मापाचा. एक मिनिटाचं काम होतं. त्या मुलाच्या रडण्याचा विचार मनात आला. उघड्या ठेवलेल्या बाकीच्या चार जागांचा आला, कुणाकुणाच्या घरच्या भिंतीवर कोण कोण पाठ फिरवत असेल त्याचा आला. त्या सगळ्या जागा मला पुन्हा एकेक करून बुजवाव्या लागणार होत्या, आणि एकेका घरी जाऊन सांगावं लागणार होतं. तेवढं मी करणार होते. आणि खरं सांगायचं तर प्रदर्शनाचाही विचार आला, त्याच क्षणी, तिची बोटं समोर असताना. मी तिच्यासाठी नाही म्हणाले की माझ्यासाठी, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

मी काळ्या कागदाचे दोन तुकडे केले.

"नाही लावणार," मी म्हणाले. "ही जागा तिची आहे. ही मी बुजवणार नाही, आणि तुम्हालाही बुजवू देणार नाही."

कुणीतरी ओरडेल म्हणून मी थांबले.  आईने पदराने तोंड झाकलं. मागच्या खोलीत नळाचं पाणी पडायला लागलं होतं. तो मी घट्ट बंद केला होता.

बाबांनी मान वर केली नाही. ते बाकाच्या टोकाला बसले होते ते अजून थोडे टोकाकडे सरकले, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखे.